गौरीची कौदी

ज्या कौदीखाली माझी चिगव्वा आजवर झोपत आली, त्या कौदीच्या पोटात जे आहे असे ती मानत आली, ते तिथे नाही. कौदीला पहिला टाका पडण्यापूर्वीच हे मला ठाऊक होते आणि मी गप्प राहिलो. पुढे शिक्षण झाले, नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली; माणूस ज्या ज्या टप्प्यावर थोडा धीट होतो असे म्हणतात, ते सगळे टप्पे माझ्या वाट्याला येऊन गेले. या एका बाबतीत मात्र मी त्या उन्हाळ्यातला, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला मुलगाच राहिलो. आता पन्नाशी उलटल्यावर हे लिहितो आहे, त्यात धैर्याचा भाग फार थोडा आहे. यंदा चिगव्वाने माझ्याकडे एक मागणी केली आणि गप्प राहायला जागाच उरली नाही, इतकेच. ती मागणी शेवटी सांगेन; आधी तो आठवडा सांगायला हवा.

चिगव्वा म्हणजे धाकटी आई. आमच्या घरात वडीलधारी माणसे आपसात कन्नड बोलत आणि आम्हा मुलांशी मराठी. म्हणून धाकट्या काकांची बायको ती आमची चिगव्वा आणि जुन्या लुगड्यांचे थर देऊन शिवलेले जाड पांघरूण ती कौदी. गल्लीतले इतर लोक तिलाच वाकळ म्हणत. घर दोन खोल्यांचे, वर पत्रा, आणि पाठीमागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचे शेड. मागांचा खटखटाट इतका अंगवळणी पडलेला होता, की वीज जाऊन माग थांबले की झोपलेली माणसे दचकून उठून बसत. काका मागावर रात्रपाळीला असत आणि दिवसा आतल्या खोलीत झोपत. समोरच्या ओट्यावर नरसक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसे. ती तेलुगू घरातली. पण गल्लीतल्या सगळ्या भाषांत टोमणे मारण्याचा तिचा अधिकार सर्वांनी मुकाट मान्य केलेला होता.

उन्हाळा लागला की बाकीच्या बायका पापड-कुरडयांच्या मागे लागत आणि चिगव्वाला कौदीचे वेड लागे. कुणाचे लुगडे विरले, कुणाच्या धोतराला खोच पडली, कोणत्या शेडमध्ये चादरीचे खराब तुकडे बाजूला टाकले आहेत, याची बातमी तिला आधी असे. कोपऱ्यात गाठोड्यांची रास साठे. नरसक्का दारातून डोकावून म्हणे, “शांतव्वा, तुझ्या घरात पाय टाकायला भ्या वाटतंय बघ. मलाबी धरून शिवून टाकशील.” चिगव्वा मान वर न करता उत्तर देई, “तू लई जाड हायस, अक्का. सुई मोडंल माझी.” तिच्या या वेडात मी तिचा शागीर्द होतो. सुया ओवून देणे, पट्ट्या फाडणे, आणि तिने मान्य केल्यावर कडेचे टाके घालणे, ही माझी कामे. मुलाने सुई धरावी याची गल्लीत थट्टा होई. मला ती फारशी लागत नसे, कारण चिगव्वा माझ्या टाक्यावरून अंगठा फिरवून “आयतु” म्हणे. आयतु म्हणजे झाले, जमले. त्या एका शब्दासाठी मी दुपारभर बोटे टोचून घेत असे.

गाठोड्यांची तिची एक रीत होती. सैल गाठीचे गाठोडे म्हणजे बोहारणीला द्यायचे, टिकाऊ नसलेले कापड. घट्ट दुहेरी गाठीचे म्हणजे कौदीत जाणारे. या सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकवलेले, मांजरपाटाचे एक लहानसे गाठोडे होते. त्याला गाठ नव्हतीच. त्याची चारही टोके आत दुमडून शिवून टाकलेली होती. ते कधी उघडलेले मी पाहिले नव्हते, आणि आत काय आहे हे विचारले नव्हते. जे शिवून टाकले आहे ते द्यायचे नाही, एवढे कळायला मात्र मी नक्कीच मोठा होतो. हे मी आज मुद्दाम लिहितो, कारण पुढे अनेक वर्षे मी स्वतःला “मला माहीत नव्हते” असे सांगत आलो, आणि ते अर्धेच खरे आहे.

त्या आठवड्यात आई-वडील धाकट्या भावंडांना घेऊन लग्नासाठी गावी गेले होते. घर मोकळे, रांधायचे थोडे. चिगव्वा अशा आठवड्याची वाटच पाहत होती. सोमवारी सकाळीच तिने भाकऱ्या थापून, त्या तव्यावर दाबून दाबून कडक करून ठेवल्या. शेंगाची चटणी, दही आणि ती कडक भाकरी. आठवडाभर तेच खायचे आणि काम करायचे, असा तिचा बेत. मग ती शेडमध्ये चादरीचे तुकडे आणायला गेली आणि मला घराची राखण सांगून गेली. काका आत घोरत होते. ऊन चढले आणि बोहारीण आली.

बोहारणीशी घासाघीस करणे ही आमच्या गल्लीत बायकांची कला होती, आणि मला ती कधीपासून करून पाहायची होती. मी सैल गाठीची गाठोडी तिच्यापुढे ठेवली आणि झाकणाच्या पातेल्याला हात घातला.

“एवढ्यात पातेलं व्हय?” ती म्हणाली. “ह्यात वाटी येती. आई कुटं हाय?”

“आई गावाला गेलीय. मीच देणार. झाकणासकट पातेलं.”

“मग आज तूच घरकारीण की. बरं, आनकी एक टाक, दिऊन टाकते.”

नरसक्का ओट्यावरून बघत होती. “मल्लू,” ती म्हणाली, “पातेलं घिऊन सासरला जाणार हैस का रं?”

नरसक्का हसली, बोहारीणही हसली, आणि तिने पातेले उचलून टोपलीत ठेवायला सुरुवात केली. हरण्याची वेळ आली होती. मी आत गेलो. दुहेरी गाठीचे एकही गाठोडे द्यायला मन होईना, कारण ते सगळे कापड मीच फाडून नीट केले होते. भिंतीला टेकलेले ते लहान गाठोडे उचलले. ते हलके होते. क्षणभर हातात धरून उभा राहिलो, हे मला स्पष्ट आठवते. मग बाहेर आलो; नरसक्का पुन्हा सुपात मान घालून विडी वळत होती. ते गाठोडे बोहारणीच्या राशीवर टाकले आणि पातेले घेतले.

चिगव्वा डोक्यावर तुकड्यांचा भारा घेऊन आली. पातेले पाहून तिने त्यावर बोटाने वाजवून पाहिले, झाकण बसवून पाहिले आणि म्हणाली, “सैल गाठीवर एवढं मिळालं? लई पाजी हायस.” मी फुशारून गेलो. संध्याकाळी काका पाळीला गेल्यावर आम्ही दारात बसून कलिंगड खात होतो, तेव्हा ती सहज बोलावे तसे बोलली.

“औंदाच्या कौदीत गौरीचं झबलं घालायचं हाय. आमच्या गावाकडं तशी रीत हाय. गेलेल्या लेकराचं कापड मदोमद शिवत्यात आन आई ती पांघरती. मग लेकरू वाऱ्यावर राहत न्हाय.”

गौरी ही चिगव्वाची मुलगी. पायावर उभी राहू लागली तोच तापाने गेली. मी तेव्हा इतका लहान होतो की मला तिचा चेहरा आठवत नाही. घरात तिचे नाव कुणी काढत नसे. काकांनी तशी मनाई केली होती असे नव्हे. पण नाव निघाले की ते उठून बाहेर जात, आणि मग हळूहळू सगळ्यांनीच ते नाव घेणे सोडले. त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी चिगव्वाला आता पुन्हा मूल होणार नाही असे सांगितले होते, हे मला आईच्या बोलण्यातून कळलेले होते.

“झबलं हाय कुटं?” मी विचारले.

“हाय की. ते मांजरपाटाचं, शिवून ठेवलेलं. इतकी वर्सं हात लावला न्हाय.” तिने कलिंगडाची साल बादलीत टाकली आणि ती हात धुवायला उठली.

त्याच वेळी बोललो असतो तर काय झाले असते, याचा विचार मी आयुष्यभर केला आहे. बहुधा आम्ही दोघे तसेच निघालो असतो, नरसक्काही बरोबर आली असती, आणि कदाचित ते मिळाले असते. मी बोललो नाही, कारण हात धुऊन ती त्याच नव्या पातेल्यात दुसऱ्या दिवसाचे दही लावायला बसली होती.

दुसऱ्या दिवशी मित्राकडे जातो असे सांगून मी जुन्या कपड्यांच्या बाजारात गेलो. बोहारणी आपला माल तिथेच आणून ओततात हे मला माहीत होते. उन्हात कपड्यांचे ढीग पडलेले, त्यांवर बसलेल्या बायका शर्टांची बटणे काढून डब्यात टाकत होत्या, विजारींचे खिसे चाचपत होत्या. आमची बोहारीण दिसली नाही. किंवा दिसली असेल आणि मी ओळखली नसेल, कारण मी तिच्याकडे कमी आणि पातेल्याकडे जास्त पाहिले होते. एका ढिगापाशी मी लहान मुलांचे कपडे उलटेपालटे करू लागलो. शेजारच्या बाईने विचारले, “काय पायजे, पोरा?” मी म्हणालो, “झबलं.” तिने विचारले, “कसलं? कोन्या रंगाचं?” आणि तेव्हा मला उमगले की जे शोधतो आहे ते मी कधी पाहिलेलेच नाही. माझ्या हातात निळे झबले होते, ढिगात पिवळे होते, बदामी होते, पट्ट्यापट्ट्यांचे होते. त्यांतले कोणतेही गौरीचे असू शकत होते. मी तिथे किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. शेवटी त्या बाईने मला पाणी दिले आणि सावलीत बसायला सांगितले.

बुधवारी चिगव्वाने मला कुंभारी गावी नेले. तिची मावसबहीण गुरव्वा तिथे राहत असे आणि तिने इरकली लुगडी राखून ठेवली होती. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाहेर नांगरून पडलेली काळी शिवारे होती आणि वाऱ्याबरोबर तापलेली धूळ आत येत होती. मी विचारले, “चिगव्वा, गौरीचं झबलं कसं होतं?”

मला रंग हवा होता, कापड हवे होते. एखाद्या चोराला घराचा नकाशा हवा असावा तसे. पण चिगव्वा माझ्याकडे वळून बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. “तू इचारलंस,” ती म्हणाली. “कुणीच इचारत न्हाय बघ.” आणि मग ती कुंभारी येईपर्यंत बोलत राहिली. झबले हिरव्या खणाचे होते, तिच्या स्वतःच्या चोळीच्या खणातून उरलेले. बाह्यांना त्याच खणाचा तांबडा काठ. गौरी त्या काठाचे टोक तोंडात धरून चघळत असे. मागाचा आवाज थांबला की ती रडायला लागे. तिला दह्यातली भाकरी आवडत असे, पण बोटाने भरवलेलीच. चिगव्वा मधेच हसली, मधेच पदराने नाक पुसले. उतरताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “माज्या पोटात इतकं साठलं हुतं, मलाच ठावं नव्हतं.” मी माझा हात सोडवून घेऊ शकलो नाही.

त्या दिवसाइतके प्रेम मला आयुष्यात क्वचितच मिळाले असेल, आणि ते सगळे मी फसवून मिळवले होते.

गुरव्वामावशीने आम्हांला ताक दिले, धपाटे दिले, आणि आडाच्या पाण्याने लुगडी धुवून शेतातल्या बांधावर पसरली. ती वाळेपर्यंत दोघी बहिणी लिंबाखाली गप्पा मारत बसल्या. मावशीच्या कापडांत मला हिरव्या खणाचा एक तुकडा दिसला, तांबड्या काठाचा. मी तो सदऱ्याच्या आत घातला.

गुरुवारी दुपारी काका आत झोपलेले, चिगव्वा नरसक्काकडे लुगडी दाखवायला गेलेली. मी माळ्यावर चढून ते झबले शिवले. वर पत्रा तापलेला होता आणि घाम सुईवरून ओघळत होता. चिगव्वाने मला जे जे शिकवले होते ते सगळे त्यात वापरले: बारीक टाका, आत दडवलेली गाठ, काठाची वळणावर दिलेली चुणी. शिवून झाल्यावर ते मोरीत नेऊन दगडावर घासले, म्हणजे जुने दिसावे. बाहीच्या टोकाला काठ दातांनी चावून विरवला. माझ्या हातून झालेले सर्वांत चांगले शिवण ते हेच. पुढे मी पुष्कळ गोष्टी केल्या ज्यांची लाज वाटावी. पण बाहीचा तो काठ दातात धरलेला स्वतःचा चेहरा आठवला की मला आजही उठून दुसऱ्या खोलीत जावे लागते. मग मांजरपाटाच्या तुकड्यात ते गुंडाळून चारही टोके आत दुमडून शिवली आणि गाठोडे भिंतीला टेकवून ठेवले.

कौदी मोठी असल्याने ती पसरायला आमच्या घरात जागा नव्हती. शुक्रवारी आम्ही सगळी कापडे जवळच्या मठाच्या सोप्यात, बाहेरच्या मोकळ्या पडवीत नेली. नरसक्का आली, गल्लीतल्या आणखी बायका आल्या. फरशी झाडून खाली चादरीचे तुकडे जोडून अंथरले, त्यावर लुगड्यांचे थर दिले. चारही बाजूंनी बायका बसून सुरकुत्या हाताने बाहेर लोटत होत्या आणि मोठ्याने बोलत होत्या. कुणाच्या सुनेने कुरडया कशा जाळल्या, कुणाचा जावई कसा हावरा आहे. मध्य मोकळा राहिला तेव्हा चिगव्वाने ते लहान गाठोडे पिशवीतून काढले आणि बायकांनी सरकून तिला जागा दिली. तिने त्याचा टाका उसवायला नख लावले आणि मग ते गाठोडे माझ्याकडे सरकवले.

“मल्लू,” ती म्हणाली, “तूच उसव बाबा. तूच ठेव. माज्यानं बघवंना.”

तिने तोंड फिरवून घेतले. मी माझेच टाके उसवले. ते झबले काढून मधोमध ठेवले, बाह्या सरळ केल्या. नरसक्काने डोळ्यांना पदर लावला. चिगव्वाने न पाहताच हात मागे नेला आणि तळवा झबल्यावर टेकला; बोटे चाचपडत बाहीपर्यंत गेली आणि विरलेल्या काठापाशी थांबली.

“हितंच चावायची,” ती म्हणाली.

मग वरचे लुगडे पसरले गेले आणि झबले झाकले. कौदीचा टाका बाहेरच्या कडेने सुरू होतो आणि फेऱ्या घेत घेत मध्याकडे येतो. ते शिवण पावसाळा लागेपर्यंत चालले. रोज तिची सुई त्या जागेच्या थोडी जवळ येई. मी शेजारी बसून सुया ओवत असे आणि मनात म्हणत असे, अजून उसवता येईल, अजून एवढेच टाके आहेत. मध्यावर पोहोचल्यावर तिने दोरा तोडला, अंगठा फिरवला, आणि त्या रात्रीपासून ती त्या कौदीखाली झोपू लागली. आईने नंतर सांगितले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शांताला सलग झोप लागते. हे ऐकल्यावर बोलायचे ते कसे?

काका गेल्याला आता बरीच वर्षे झाली. चिगव्वा माझ्याकडे असते. तिला दिसते बऱ्यापैकी; ऐकू फार कमी येते. कौदीवर तिने स्वतः ठिगळांवर ठिगळे लावली, पण मध्याला कधी हात लावला नाही. यंदाच्या वैशाखात, मी कामावरून येऊन तिच्या खाटेशी बसलो असता ती म्हणाली, “मल्लू, मला बसवशील तवा ही कौदी माज्या मांडीवर घाल. तूच घाल. गौरीला घिऊन जाते.” आमच्यात मृताला बसवून मूठमाती देतात. मी “व्हय” म्हणालो. आणि त्यानंतर मला झोप लागेनाशी झाली.

सांगून तिचे सुख हिरावून घ्यायचे, की न सांगता पुन्हा एकदा त्याच हातांनी तीच फसवणूक करायची. यांतले बरोबर काय, हे मला अजूनही कळलेले नाही. पत्नीला विचारले. ती म्हणाली, “तुम्ही सांगितलंत तर त्यांना त्रास होईल. नाही सांगितलंत तर तो त्रास सोसायचा की नाही, हे त्यांच्याऐवजी तुम्हीच ठरवलेलं असेल.” मी रोज ठरवून खाटेशी जाऊन बसत असे आणि औषध देऊन उठत असे.

काल दुपारी चिगव्वा भिंतीला टेकून बसली होती, कौदी पायांवर. मी खाली जमिनीवर बसलो आणि बोललो. तिने कानाला हात लावला.

“काय म्हंतोस? मोठ्यानं बोल की.”

मी पुन्हा बोललो. आवाज मात्र चढवला नाही. तिच्या कानी त्यातला एकच शब्द पडला, आणि तिचा चेहरा बसमध्ये झाला होता तसा उजळला. “गौरी? गौरीचं काय?” ती पुढे वाकली. “सांग की.”

मग मी उठून तिच्याजवळ बसलो, तिचे दोन्ही हात धरले आणि इतक्या मोठ्याने बोललो, की स्वयंपाकघरातले भांड्यांचे आवाज थांबले.

“चिगव्वा, गौरीचं झबलं मी बोहारणीला दिलं. तू शेडमध्ये गेली होतीस तेव्हा. कौदीत आहे ते मी शिवलेलं आहे, गौरीनं कधी घातलेलं नाही. मी तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. माझं चुकलं, चिगव्वा. मला माफ कर.”